नाजूक माल, जपून उडवा

खोक्यावर ‘फ्रॅजाइल’ लिहिलेलं असलं की माल आणणाऱ्याला ते नेमकं कुठून आपटायचं हे कळतं, असा माझा जुना संशय आहे. त्या चिकटपट्टीवर काचेचा पेला असतो, वर जाणारे दोन बाण असतात, एक उघडी छत्रीही असते. आमच्या गेटपाशी खोकं पोचतं तेव्हा बाण जमिनीकडे बघत असतात आणि छत्री भिजलेली असते. वॉचमन ते कानाशी नेऊन हलवतो. आत खळखळलं तर म्हणतो, “साहेब, काच दिसतेय.” नाही खळखळलं तर पुन्हा हलवतो.

यात दोष कुणा एकाचा काढता यायचा नाही. मुंबई जिथे संपते आणि मीरा-भाईंदर जिथे सुरू होतं, त्या सांध्यावर आमचा पेणकरपाडा. पलीकडे दहिसरचा नाका. ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, पण रांगेला ते अजून कुणी कळवलेलं नाही. डोक्यावर मेट्रोचे खांब, पायाखाली पेव्हर ब्लॉक, आणि दर पावसाळ्यात त्यातले निम्मे ब्लॉक कंटाळून उठून बसतात. गाळ्यांतून निघालेले टेम्पो त्यांच्यावरून जातात. इथला माणूस काचसामान घेताना किंमत नंतर विचारतो, आधी दुकान किती लांब ते विचारतो. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचा धंदा एवढा का फोफावला, यावर कुणी अभ्यास केला तर मला तरी त्यात रस्त्यांचा हात दिसेल.

अशा जागी राहणारा, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो जिन्यात गाठून मला म्हणाला, “काका, एक कच्चं अंडं रॉकेटमध्ये घालून साडेसातशे फुटांवर पाठवायचंय. आणि न फुटता खाली आणायचंय.”

“स्टेशनवरून इथपर्यंत न फुटता आणलंस तरी बक्षीस देतो,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. इंजिनियरिंगच्या मुलांना ही नजर बहुधा दुसऱ्या वर्षात शिकवतात.

खेळ मात्र खरा आहे, आणि चांगला जुना आहे. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी याची मोठी राष्ट्रीय स्पर्धा असते. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं होत होती त्या निमित्ताने ती सुरू झाली आणि 2003 मध्ये पहिली अंतिम फेरी झाली. पहिल्या वर्षी दोन कच्ची अंडी 1500 फुटांवर न्यायची होती. मेरीलँडमधल्या बून्सबोरो हायस्कूलची मुलं जिंकली. तेव्हापासून दरवर्षी उंची बदलतात, अंड्यांची संख्या बदलतात, हवेत किती सेकंद राहायचं तेही ठरवून देतात. ठरलेल्या उंचीपासून जितके फूट चुकाल तितके गुण अंगावर, आणि ज्याच्या अंगावर सगळ्यांत कमी तो पहिला. जास्त उंच गेलात तरी चूकच. आपल्याकडच्या पालकांना ही गुणपद्धत समजावून सांगणं रॉकेट उडवण्यापेक्षा अवघड. काकूंनी स्पष्ट विचारलं, “म्हणजे जास्त वर गेलं तरी मार्क कापणार? मग शिकवतात तरी काय तिथे?”

आणि अंड्याला तडा गेला तर उंची, वेळ, सगळं बाद. साधा केसाएवढा तडाही चालत नाही.

आपल्याकडेही वारं आलं आहे. 2025 च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात, तमकुहीराजला, इन-स्पेस या सरकारी अंतराळ संस्थेने विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेटची आणि कॅनसॅटची स्पर्धा भरवली. कॅनसॅटमध्ये अंड्याऐवजी डबा असतो. आत सेन्सर, बॅटरी, रेडिओ ठासलेले, आणि तो हजार मीटरवरून सुखरूप खाली यायला हवा. आमच्या मुलाची स्पर्धा त्या मानाने घरगुती. एका कॉलेजच्या टेकफेस्टवाल्यांनी अमेरिकन नियम उतरवून काढले होते. एक अंडं, साडेसातशे फूट, चाळीस ते त्रेचाळीस सेकंद, पुढे-मागे झालेल्या दर सेकंदाला चार गुण दंड. अंड्याचं वजन 55 ते 61 ग्रॅम. ही शेवटची ओळ आम्ही कुणीच नीट वाचली नाही. तीच पुढे सगळ्यांना पुरून उरली.

मॉडेल रॉकेटचा शोध लावला तो एका चपलांच्या दुकानदाराने, हे कळल्यावर माझा या विषयातला आदर वाढला. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा ऑर्विल कार्लाइल. फटाक्यांचा षोक, भाऊ विमानांच्या मॉडेलांचा वेडा, दोघांनी मिळून 1954 च्या सुमाराला कागदी नळीचं, पुन्हा पुन्हा उडवता येणारं रॉकेट बनवलं. पुढे व्हर्न एस्टीस नावाच्या गृहस्थाने 1958 मध्ये छोट्या मोटरी भराभर तयार करणारं यंत्र उभं केलं आणि गल्लोगल्ली रॉकेटं झाली. मोटर म्हणजे पुठ्ठ्याची नळी. आत दाबून भरलेली बंदुकीची दारू, तिच्यावर सावकाश जळणारा थर, आणि सर्वांत वर एक छोटा बार, जो नाकाडं उडवून पॅराशूट बाहेर ढकलतो. नळीवर सी6-5 असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर ताकदीचं, एक अक्षर पुढे सरकलं की ताकद दुप्पट. मधला आकडा सरासरी रेटा किती न्यूटन ते सांगतो, शेवटचा इंधन संपल्यावर बार उडायला किती सेकंद ते. महापालिकेच्या कामांच्या पाट्यांवर इतकी माहिती इतक्या कमी जागेत असती तर आपण कुठल्या कुठे असतो.

पण या शास्त्रातलं मानाचं पान आपल्या देशात लिहिलं गेलं आहे, आणि ते फारसं कुणी उलटत नाही. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ. जन्म शिलाँगचा, 1891 चा. टपाल रॉकेटने पाठवता येईल या एका कल्पनेने हा माणूस पछाडला होता. 1934 पासून दहा वर्षं तो रॉकेटं उडवत राहिला. काही हवेतच फुटली, पत्रं चहूकडे विखुरली, स्मिथने ती गोळा केली आणि पुढचं रॉकेट लावलं. तांदूळ, मसाले, विड्या असलं सामानही नदीपार धाडलं. आणि 1935 च्या जूनमध्ये त्याने दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमधून पलीकडे पाठवली. नावं ॲडम आणि ईव्ह. दोघंही जिवंत उतरली. पुढे एक सापही गेला, मिस क्रीपी नावाचा, सोबत सफरचंद. बायबलचा असा सविस्तर प्रयोग दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. 1992 मध्ये टपाल खात्याने स्मिथवर तिकीट काढलं. ते मात्र पोस्टाच्या नेहमीच्या वेगानेच सगळीकडे पोचलं असणार.

अमेरिकेतली हौशी पोरं पुढे रॉकेटमध्ये उंदीर बसवू लागली, तेव्हा जाणत्या मंडळींनी 1960 च्या दशकात तोड काढली. जिवंत प्राणी नको, कच्चं अंडं घ्या. जपायचं कसब तेच, पाप कमी. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं हा वाद रॉकेटपुरता तरी मिटलेला आहे. आधी कोंबडी, 1935.

आता अंडं नेमकं फुटतं कुठे? आमच्या सोसायटीचं एकमत होतं की वर. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की हवेच्या दाबाने फुटत असणार, त्यांचेही कान विमानात दुखतात. मुलाने शांतपणे सांगितलं की साडेसातशे फुटांवर अंड्याला काही होत नाही. माथेरान त्याच्या तिपटीहून जास्त उंचीवर आहे आणि तिथे आम्लेट मिळतं. अंडं फुटतं ते धक्क्यांनी. पहिला मोटर पेटते तेव्हा. दुसरा वरचा बार उडतो तेव्हा. तिसरा पॅराशूट फाडकन उघडतं तेव्हा, आणि रॉकेट वेगात असताना उघडलं तर हाच सगळ्यांत वाईट. मग आणखी एक असतो, तो अनुभवी मंडळीच ओळखतात. नाकाडं आणि नळी एका लवचीक दोरीने बांधलेली असतात. बार उडाला की दोघं लांब फेकली जातात, दोरी ताणली जाते आणि नाकाडं परत येऊन आपल्याच नळीच्या कानफटात बसतं. त्या खळीला या खेळात ‘एस्टीस डेंट’ असं खास नाव आहे. अंडं बसलेलं असतं नाकाडातच. म्हणून दोरी भरपूर लांब ठेवायची, नाहीतर दोघांना वेगळी पॅराशूट देऊन कायमचा काडीमोड करून टाकायचा.

शेवटचा धक्का जमिनीचा. इथे त्याने गणित मांडलं ते मला आवडलं. दिलेल्या वेळेत उतरायचं तर रॉकेट सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येणार. हा वेग म्हणजे स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून अंडं खाली पडावं तेवढा. पॅराशूट लावूनही. ते अंडं एका मिलिमीटरमध्ये थांबलं, म्हणजे फरशीवर आपटलं, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या दोन हजारपटींहून जास्त भार येतो. साठ ग्रॅमच्या अंड्यावर सव्वाशे किलो. तेच तीन सेंटिमीटरमध्ये हळूहळू थांबवलं तर सत्तरपट, म्हणजे सव्वाचार किलो. अंडं उभं ठेवलं आणि भार टोकांवर नीट पसरला, तर एवढं ते सोसतं. आडवं ठेवलं तर कुरकुर करतं. सगळी विद्या त्या तीन सेंटिमीटरची.

आणि दुसरी गोष्ट अशी की आत मोकळीक अजिबात नको. अंड्याभोवती बोटभर जागा राहिली की धक्क्याच्या वेळी अंडं त्या जागेत धाव घेतं आणि समोरच्या भिंतीवर आदळतं. हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागलं नाही. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये माणूस पडत नाही, पडायला जागा कुठे असते? चौफेर मऊ, दमदार, घामेजलेला आधार असतो आणि ब्रेक लागला की अख्खा डबा एका अंगाने झुकतो, पुन्हा सरळ होतो. दात पडतात ते दुपारच्या रिकाम्या गाडीत. पोरगा म्हणाला, “एक्झॅक्टली, काका.” मी वीस वर्षं प्रवास करतोय आणि त्यात पॅकिंगचं एवढं शास्त्र होतं हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं ऐकल्यावर सोसायटी गप्प बसणं शक्यच नव्हतं. आधी अंड्याचा शोध. 55 ते 61 ग्रॅम. हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा अंडेवाला बसतो. त्याच्या सायकलवर ट्रेवर ट्रे, तीस अंड्यांचा एक, टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले. सात ट्रेची पेटी, दोनशे दहा अंडी. त्याच्याकडे मुलगा सोनाराचा छोटा डिजिटल काटा घेऊन गेला. आपल्याकडचं अंडं बहुतेक वेळा पन्नासच्या आसपास रेंगाळतं. एकोणपन्नास, बावन्न, त्रेपन्न, पुन्हा एकोणपन्नास. ट्रे संपला. अंडेवाला आधी कौतुकाने बघत होता. दुसरा ट्रे निम्मा झाल्यावर त्याचं कौतुक आटलं.

“भैया, खाना है कि शादी करानी है?”

“रॉकेट में भेजना है.”

अंडेवाल्याने मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग पुन्हा मुलाकडे. “तो बोलना था ना,” असं म्हणून त्याने सर्वांत खालचा ट्रे काढला. त्यात सत्तावन्नचं निघालं. का कुणास ठाऊक, रॉकेटमध्ये जाणाऱ्या अंड्याला तळाचा ट्रेच लागणार असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि ते बरोबर निघालं.

ही अंडी आमच्या बिल्डिंगमध्ये आणायची तर तीही एक मोहीमच असते. निम्मी घरं शाकाहारी. कायद्याने कुणी काही म्हणत नाही, पण अंडी वर नेणारा माणूस आपोआप वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, जिन्याच्या कडेकडेने जातो. समोरून कुणी आलं तर “बटाटे,” असं न विचारता सांगतो. त्यामुळे नाजूक माल गुपचूप नेण्याचा सराव आम्हाला पिढीजात आहे. पण टेरेसवरून अंडी टाकून बघायची म्हटल्यावर चौथ्या मजल्यावरच्या भाभी दारात आल्या.

“भाऊ, टेरेसवरून इंडं नको हां. खाली माझं तुळशीचं कुंडं आहे.”

सेक्रेटरी पेचात पडले. परवानगीचा अर्ज त्यांनी आधीच मंजूर करून रजिस्टरला लावला होता. तोडगा भाभींनीच काढला. “पाणीपुरीची पुरी टाका ना. ती तर इंड्याच्या आधी फुटते.”

यावर जिन्यात जी शांतता पसरली ती मी कधी अनुभवली नव्हती. मुलाने डोळे बारीक केले. पुरी हलकी, म्हणून तिच्यावर भार कमी येणार, तेव्हा तिच्यात बटाटा भरून वजन वाढवावं लागेल, असं तो पुटपुटला. पण कवच पातळ, आकार वेडावाकडा, कुठून दगा देईल सांगता येत नाही. परीक्षक म्हणून अंड्यापेक्षा कडक. शिवाय नापास झाली तर धुवावी लागत नाही.

खरं म्हणजे टेरेसची गरजच नव्हती. त्याच्याच गणिताप्रमाणे स्टुलावर उभं राहून माळ्याच्या उंचीवरून डबा सोडला असता तरी हवी ती माहिती मिळाली असती. पण परवानगी टेरेसची होती, त्यामुळे चाचणी टेरेसवरूनच झाली. तेरा मीटरवरून सोडलेली वस्तू खाली पोचताना ताशी सत्तावन्न किलोमीटरचा वेग घेते. एवढा वेग संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आमच्यापैकी कुणाच्याच नशिबी नसल्यामुळे तो बघायला गर्दी चांगली जमली. वॉचमनला बाजूला व्हायला सांगितलं, तर तो हेल्मेट घालून परत आला.

पॅकिंग प्रत्येक घराने आपापलं आणलं होतं. कुणी बबल रॅप आणला. पुरीचा भुगा झाला, आत मोकळीक राहिली होती. कुणी कापूस दाबून बसवला, त्यात पुरी वाचली पण कापूस पुढच्या वेळी पुन्हा फुगेचना. एका घरातून पॉपकॉर्न आले, ते चाचणीआधीच अर्धे संपले. भाभींनी सफरचंदाला येते ती पांढरी फोमची जाळी दिली, आणि ती खरोखर उत्तम निघाली. पहिल्या मजल्यावरच्या आजी मूळच्या देवगडच्या. त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. दुसरा भुगा खाली आल्यावर त्या म्हणाल्या, “झिला, पेंढ्यात बसव. आंबो मुंबैक कसो येता?”

पेंढा म्हणजे भाताच्या काड्या. हापूसच्या पेटीत असतात त्याच. कोकणातून आंबा लाकडी पेटीतून, बोटीतून, ट्रकच्या टपावरून, घाटाच्या वळणांवरून मुंबईला आला तो या काड्यांच्या भरवशावर. काडी पोकळ असते, दबते, मोडते, आणि मोडताना धक्का गिळते. एकदाच. पुढच्या धक्क्याला दुसरी काडी. मुलाने आजींनी माळ्यावर जपलेल्या एका जुन्या पेटीतला पेंढा भरला आणि डबा सोडला. पुरी अख्खी. बटाट्यासकट. भाभींनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कडेने दाबून पाहिली आणि “छान आहे,” असं म्हणून खाऊन टाकली. त्यामुळे त्या चाचणीचा पुरावा उरला नाही, पण साक्षीदार बरेच होते.

इथेच प्रकरणाला वळण लागलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पेंढा यशस्वी झाला म्हणून बाकीच्यांनी आपापली वस्तू मागे घेतली नाही. आपल्याकडे जपणं म्हणजे काढून ठेवणं नाही, भर घालणं असतं. गावाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत शेवटच्या क्षणी जे आणखी एक लोणचं जातं, त्याच मायेने अंड्याच्या डब्यात पेंढा, त्यावर फोमची जाळी, त्यावर कापसाची गादी गेली, आणि काकूंनी स्वतः शिवलेली खणाची छोटी पिशवीही गेली, कारण अंडं फुटलंच तर बलक उंची मोजणाऱ्या यंत्रावर सांडू नये. यंत्र महाग होतं. अंडं सत्तावन्न ग्रॅम, त्याचं पांघरूण नव्वद. पॅराशूटही काकूंनी मोठं करून घेतलं. “दोन बोटं वाढव,” त्या म्हणाल्या, “मग आटलं म्हणून रडशील.” पॅराशूट नायलॉनचं होतं, आटणारं नव्हतं. पण आईपुढे हे बोलायला रॉकेटशास्त्र पुरत नाही.

उडवायचं पेणकरपाड्यात शक्य नव्हतंच. डोक्यावरून विमानं जातात. मोटरीत दारू असल्यामुळे 1884 चा स्फोटक पदार्थांचा कायदा मध्ये येतो, आणि रॉकेट उभं करायला जेवढी मोकळी जागा लागते तेवढ्यात आमच्याकडे सात मजले उभे राहतात. दुपारी खाडीकडून पश्चिमेचा वारा सुटतो. पॅराशूटवरचं अंडं चाळीस सेकंद हवेत राहिलं तर ते सहज दोन-तीनशे मीटर पूर्वेकडे सरकणार, हायवे ओलांडणार, आणि जोर थोडा वाढला तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला उतरणार. तिथे ते शोधायला आधी बिबट्याची परवानगी घ्यावी लागेल. स्पर्धा म्हणून लांब, एका माळावर होती. मोटरीही आयोजकांच्याच ताब्यात, त्यांच्या देखरेखीखाली बसवायच्या.

मी गेलो होतो. काकू, सेक्रेटरी आणि आजीही आल्या होत्या, त्यामुळे आमच्या टीमला पाठिंबा बराच आणि सल्ले त्याहून जास्त मिळाले. उलटी गणती झाली, मोटर फुस्सकन पेटली, रॉकेट रुळावरून निघालं. निघालं म्हणजे उठलं. शेजारच्या टीमचं रॉकेट डोळा लवायच्या आत दिसेनासं झालं होतं. आमचं, रविवारी सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाच्या गंभीरपणे वर गेलं. बार उडाला. नाकाडं वेगळं झालं, दोरी लांब होती, टपली बसली नाही. काकूंचं पॅराशूट उघडलं, आणि उघडल्यावर ते खाली यायचं नाव घेईना. पोरांच्या घड्याळात चाळीस सेकंद झाले, त्रेचाळीस झाले. काकू समाधानाने बघत होत्या. एकावन्न सेकंदांनी ते एका शेताच्या बांधावर टेकलं, अगदी अलगद.

परीक्षकाने पेंढा बाजूला करायलाच पाच मिनिटं घेतली. खणाची पिशवी सोडली, अंडं बाहेर काढलं, टॉर्चसमोर धरून गोल फिरवलं, नखाने हलकेच वाजवलं. “अख्खं,” तो म्हणाला. आमच्या बाजूने टाळ्या झाल्या. मग त्याने यंत्र वाचलं. सहाशे अकरा फूट. एकशे एकोणचाळीस फूट कमी, आठ सेकंद जास्त. एकशे एकाहत्तर गुण अंगावर. आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटच्या टीमच्या अंड्याला केसाएवढा तडा गेला होता, म्हणजे अख्ख्या अंड्यांत आम्हीच शेवटचे.

जिंकलेल्या टीमचा डबा मी मुद्दाम जाऊन पाहिला. आत फक्त फोमचा एक तुकडा. अंड्याच्या मापाने कोरलेला, खाली तीन सेंटिमीटर, वर तीन सेंटिमीटर, बाजूने अंग चिकटून. बाकी काही नाही. तो डबा बघताना काकूंच्या चेहऱ्यावर नापसंती उमटली. “किती उघडं ठेवलंय बिचाऱ्याला,” त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत पोराने पुढच्या वर्षीचं गणित काढलं. पेंढा ठेवायचा, पण मूठभर. जाळी ठेवायची. पिशवी काढायची, हे त्याने हळू आवाजात सांगितलं. आजींना निकालाचं विशेष वाटलं नव्हतं. आंबा असो की अंडं, अख्खं पोचलं की त्यांच्या लेखी व्यवहार पुरा होतो. किती वाजता पोचलं हे त्यांनी देवगडच्या ट्रकलाही कधी विचारलं नसावं.

या सगळ्यातून फायदा झाला तो अंडेवाल्याचा. त्याने स्वतःचा डिजिटल काटा घेतला आहे. पंचावन्नच्या वरची अंडी तो आता निवडून वेगळ्या ट्रेमध्ये लावतो, आणि त्या ट्रेवर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बॉलपेनने रॉकेट काढलेलं आहे, खाली धूरसुद्धा आहे. अंड्यामागे एक रुपया जास्त. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांना आता साधी अंडी नकोच असतात. परवा काकू तिथे हुज्जत घालत होत्या.

“अरे, मुझे उडाना नहीं है. आम्लेट करना है.”

“माँजी, आपकी मर्जी,” अंडेवाला म्हणाला. “मैं माल दे रहा हूँ. उडाना, नहीं उडाना, वो गिराक का काम है.”

काकूंनी सहा घेतली.